थोरलीचा सा

७ जानेवारी

दादा,

नमस्कार आधी घे, कारण पुढचं वाचून तू रागावणार आणि मग नमस्कार घ्यायच्या मनःस्थितीत राहणार नाहीस.

माझी ध्वनिमुद्रिका तयार झाली. चोपन्नाव्या वर्षी, पहिली. तू म्हणशील हे वय शिष्यांच्या मुद्रिका ऐकून नाक मुरडायचं. मुरड. पण आधी ऐक.

फोन करत नाही. फोनवर आपण दोघं एकमेकांचं ऐकत नाही, एकमेकांच्या वरचा सूर लावतो. पत्रात निदान तू मला मध्येच तोडू शकत नाहीस.

ज्या शाळेत शिकवत होते तिने मला ‘स्वेच्छेने’ निवृत्त केल्यापासून मी एका लाँड्रीच्या वर राहते, हे तुला ठाऊक आहे. ध्वनिमुद्रण खाली झालं. स्टुडिओत नाही, लाँड्रीच्या मागच्या खोलीत, जिथे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी वाळतात. भिंतींवर ओल आहे, खिडकी उघडत नाही, आणि आवाज असा घुमतो की अण्णांच्या गायनशाळेतसुद्धा घुमत नाही. झालास का लाल? थांब, अजून आहे.

गाणी आईची आहेत. चादरींच्या घड्या करताना म्हणायची ती. तू एक टोक धरायचास, मी दुसरं, आई मध्ये गात असायची. ती गाणी मी अण्णांनी, बाप म्हणून नव्हे, गुरू म्हणून शिकवलेल्या आलापीत गुंफली आहेत, आणि सोबतीला जॅझवाले घेतले आहेत. ट्रंपेटवाला हॉटेलच्या बँडमधला आहे. त्याचे गाल इतके फुगतात की आम्ही त्याला गालफुग्याच म्हणतो. एक ड्रमवाला आणि एक मोठं बेस, ते उभं खर्जाचं व्हायोलिन, वाजवणारा. तिघांनाही मी आधी वाद्याला हात लावू दिला नाही. आठवडाभर लाँड्रीतल्या बायकांबरोबर चादरींच्या घड्या करायला लावल्या. जवळ यायचं, टोकं जुळवायची, लांब जायचं. ती चाल अंगात भिनल्याशिवाय आईचा ठेका हाताला येत नाही. गालफुग्या पहिल्या दिवशी पळून जाणार होता. आता घरीही घड्या तोच करतो, त्याची बायको माझ्यावर खूश आहे.

आता काम. कंपनीला वेष्टणावर तुझ्या तीन ओळी हव्या आहेत. अण्णांच्या गायनशाळेचे प्रमुख म्हणून. तिथला साहेब फार गुळगुळीत आहे, बोलताना शब्दावरून शब्द घसरतो. त्याने सरळ सांगितलं, बाई, तुमचं नाव कोणाला माहीत नाही, तुमच्या भावाच्या ओळी आल्या तर काढू, नाही तर बघू. ‘बघू’चा अर्थ मला कळतो. म्हणजे दादा, ही मुद्रिका निघणं न निघणं तुझ्या हातात आहे, आणि मला हे मुळीच आवडलेलं नाही. प्रत ते तुला परस्पर पाठवतील.

एक गंमत. तंबोरा कुठला वापरला ते सांगत नाही. ऐकून ओळख.

तुझी,
ठकी


२१ जानेवारी

ठके,

आशीर्वाद आहेतच, ते काही परत घेता येत नाहीत. नाही तर आज घेतले असते.

प्रत आली. ऐकली. दार बंद करून, एकट्याने. वर्गातली मुलं ऐकतील ही भीती होती.

तंबोरा ओळख म्हणालीस. काय ओळखू? नाहीच आहे तर! पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत कुठेही तंबोरा नाही, पेटी नाही, साधा सूरही कोणी धरलेला नाही. उलट सुरुवातीला मिनिटभर तू काहीच ठेवलेलं नाहीस. नुसती शांतता. मला वाटलं आमचं यंत्र बिघडलं, उठून तारा तपासल्या. मग लक्षात आलं, ही आजकालची हुशारी असणार. ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं आणि त्याला कला म्हणायचं.

ड्रमवाला दर दुसऱ्या मात्रेला हात उचलून बसतो. झोपला होता का? सगळीकडे खड्डे. त्या खड्ड्यांतून तुझा गालफुग्या उड्या मारत जातो.

आणि मुख्य गोष्ट. आईच्या गाण्यावरचा तो मोठा तुकडा. तू भूप गातेस. भूप! बालवर्गाला पहिल्या महिन्यात शिकवतात तो. तेही ठीक, भूप मोठाच राग आहे. पण शांतपणे भूप मांडता मांडता तू तान घेऊन जाऊन थांबतेस कुठे, तर कोमल गंधारावर! भुपात कोमल गंधार! एकदा झालं असतं तर चूक म्हणालो असतो. तू पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन बसतेस, निवांत, घरी आल्यासारखी. अण्णांनी हे ऐकलं असतं तर ते तुला काही बोलले नसते, तंबोरा उचलून आत निघून गेले असते. मला तेही करता येत नाही.

तीन ओळी मी लिहिणार नाही. आणि वेष्टणावर ‘अण्णांची शिष्या’ असं घातलं असेल तर ते काढ. आईची गाणी घरातली होती, घरात राहू द्यायची होतीस.

तब्येत सांभाळ. ओल असलेल्या खोलीत राहू नकोस.

दादा


२५ जानेवारी

दादा,

तू ऐकलंच नाहीस.

माझ्या अख्ख्या मुद्रिकेत भूप कुठेही नाही. एक सूरसुद्धा नाही. तो मोठा तुकडा मारवा आहे. मारवा! ज्या माणसाने संध्याकाळच्या संध्याकाळ माझ्याकडून मारवा घोटून घेतला, त्याला मारवा ओळखता येत नाही? की ओळखायचाच नव्हता? प्रत हातात घेतलीस, ‘आई’ आणि ‘ट्रंपेट’ हे दोन शब्द वाचलेस आणि आधीच ठरवून टाकलंस. वर्गातल्या एखाद्या मुलाने असा अभिप्राय लिहिला असता तर तू त्याला घरी पाठवलं असतंस.

आणि तंबोरा नाही म्हणतोस? पहिलं मिनिटभर दुसरं आहे काय! आता सांगतेच. खालच्या खोलीत चादरी वाळवायचं जुनं मोठं मशीन आहे. लाँड्रीवाले तिला थोरली म्हणतात. बाकीची दोन तिच्या मागून आली. थोरली पेटीच्या पांढरी पाचच्या वर आणि काळी चारच्या खाली, दोन्हींच्या मधोमध घुमते, आणि तिथून तसूभर हलत नाही. तोच माझा सा. सगळी वाद्यं तिच्यावर मिळवली आहेत. तिच्या पोटात ओल्या चादरी वर जातात आणि धप्पकन खाली पडतात, त्या धप्पावर ड्रमवाल्याने मुद्दाम हात उचलला आहे, कारण ती मात्रा थोरलीची आहे. तुला खड्डा दिसला, तिथे ती बसलेली आहे.

मी तुला आधी सांगितलं नाही, कारण मशीन म्हटल्यावर तू ऐकायला बसलाच नसतास. तू तरीही नाही बसलास. बरं झालं, कळलं.

आईची गाणी घरातली होती म्हणतोस. घरातली नव्हती, मागच्या खोलीतली होती. ती गायला लागली की अण्णा वर्गाचं दार लावून घ्यायचे. रागाने नाही, सवयीने, पंखा बंद करतात तसं. ते दार मी इतकी वर्षं ऐकलंय. आता पुरे झालं. तुझ्या ओळी नकोत. अण्णांचं नाव काढते, आनंदाने काढते. खाली लिहीन : आईची मुलगी. साहेबांना नाही पटलं तर मुद्रिका न निघो. पण एक सूर मी बदलणार नाही. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी नाही.

ठकी


२ फेब्रुवारी

ठके,

तुझं पत्र वाचून आधी रागावलो. मग राग बाजूला ठेवून विचार केला. तू उर्मट आहेस, हट्टी आहेस, पण भुपाला मारवा म्हणण्याइतकी अडाणी नाहीस. मी तुला शिकवलंय.

पुन्हा प्रत लावली. पहिलं मिनिट, कान यंत्राला लावून. काही नाही. मशीन नाही, घुमणं नाही, धप्पही नाही. कान माझे शाबूत आहेत. खात्रीसाठी वर्गातल्या दोन मुलींना ऐकवलं, कशासाठी ते न सांगता. दोघी म्हणाल्या, सर, अजून सुरूच झालं नाही.

मग मी माझा तंबोरा काढला. तू लिहिलेल्या जागी लावला, पांढरी पाचच्या वर, काळी चारच्या खाली. ती काही जागा नव्हे, तारा कुरकुरत होत्या. आणि तंबोरा छेडत तो मोठा तुकडा पुन्हा लावला.

ठके, भूप उभ्या उभ्या मारवा झाला.

मुलींनीही ऐकलं. मी तंबोऱ्यावर हात ठेवून तो बंद केला की भूप. छेडला की मारवा. सूर तेच, तुझा गळा तोच. खालचा सा काढून घेतला की ऐकणाऱ्याचा कान बिचारा तुझ्या धैवतालाच सा समजून बसतो, आणि मग तुझा खरा सा त्याला कोमल गंधार वाटतो. तू निवांत बसत होतीस ती घरातच बसत होतीस. कोणीतरी घर पाडून ठेवलं होतं.

मुलींना वाटलं मी जादू केली. एकीने सात-आठ वेळा करायला लावलं.

म्हणजे तू पाठवलंस ते आणि मला मिळालं ते एक नाही. त्या गुळगुळीत माणसाला जाऊन विचार. बसून विचार, उभ्याने नको, तुला लगेच निघून यायची सवय आहे.

मला मुद्रिका आवडली असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ट्रंपेट मला अजूनही सर्दी झालेल्या सनईसारखं वाटतं. पण तू मारवा गातेस तो मारवा आहे, आणि चांगला आहे. दाराबद्दल लिहिलंस ते वाचलं. ते मीही ऐकत होतो, आतल्या बाजूने.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

बसून विचारलं. अगदी गुडघ्यांवर हात ठेवून.

साहेबांनी मला चहा दिला आणि अभिमानाने सांगितलं, ‘बाई, तुमचं मुद्रण इतकं खराब होतं, पण आमच्या माणसाने कमाल केली. सगळी घरघर धुऊन काढली. आता कसं काचेसारखं झालंय!’

मी विचारलं, सुरुवातीचं मिनिट?

म्हणाले, त्यात नुसती घरघरच होती, ती काढल्यावर काही उरलंच नाही, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून जागा तशीच ठेवली.

दादा, मला हसू आलं. खरंच आलं. मग मी त्यांना समजावलं, तू लिहिलंस तसं, भूप आणि मारवा, गाऊनसुद्धा दाखवलं. बाहेरची माणसं काचेतून बघायला लागली. साहेब मान डोलावत होते. शेवटी म्हणाले, ‘म्हणजे तुम्हाला खाली एक सूर हवाय. मग सोपं आहे. तुमच्या बंधूंचा तंबोरा घालू! भाऊ आणि बहीण एकाच मुद्रिकेवर. लोकांना फार आवडतं.’ तुलाही ते लिहिणार आहेत.

मी नाही म्हणाले.

कारण सांगते, नाही तर तुला वाटेल तुझा तंबोरा मला नकोसा झालाय. एके दिवशी मी खाली चादरी द्यायला गेले होते. थोरली चालू होती आणि मी सवयीने आईचं गाणं गुणगुणत होते. ते पाच सुरांचं गाणं, ज्याला अण्णा ‘बायकी भूप’ म्हणायचे. आईपाशी तंबोरा कधी नव्हताच. कोणी दिला नाही. आणि त्या दिवशी थोरली खाली घुमत होती, तर त्याच पाच सुरांचा मारवा झाला. जन्मभर ऐकलेलं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं. भर लाँड्रीत रडले. लाँड्रीवाल्याला वाटलं साडीला डाग पडला, तो म्हणाला काढून देतो.

म्हणून दादा, तंबोरा नाही. आईच्या गाण्याखाली आता गायनशाळेचा तंबोरा ठेवायचा आणि मशीन लाजिरवाणं म्हणून पुसून टाकायचं? पुन्हा तेच दार. आणि तंबोऱ्याला धप्प नाही. ड्रमवाल्याच्या मोकळ्या जागा कोण भरणार?

साहेब म्हणाले, मग निघणार नाही. मी म्हणाले, नका काढू. त्या मुद्रणावर हक्क त्यांचा, पण गाणी माझी, एवढं मी सही करण्याआधी लिहून घेतलं होतं. मी परत गाईन. सगळं, पहिल्यापासून. गालफुग्या आणि बाकीचे दोघे तयार आहेत.

अडचण एकच. लाँड्रीवाला महिनाअखेर थोरली भंगारात काढतोय. नवं मशीन आलंय, अजिबात आवाज करत नाही. त्याचं त्याला कौतुक. मी थांब म्हणाले, तो म्हणाला, ताई, जागा कुठाय? खरंच नाही. आणि मुद्रण करून देणारी माणसं त्याआधी मोकळी नाहीत.

तुला कंपनीचं पत्र आलं की तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणशील, ठके, शहाणी हो. तुझं नाव येईल, माझं नाव येईल. तुला हो म्हणायचं असेल तर म्हण, तुझा तंबोरा तुझा आहे. पण माझ्या गळ्याखाली तो लागणार नाही.

ठकी


२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. म्हणजे हो म्हणालास असं मी समजते. असो.

थोरली गेली. मी बाजारातून आले तर मागची खोली मोकळी, जमिनीवर तिच्या पायांचे चार गोल. लाँड्रीवाला नजर चुकवत म्हणाला, टेम्पो आला होता, घेऊन गेला. भंगारवाला कोण, कुठला, विचारलं तर म्हणतो आठवत नाही. महिना संपायची वाटही पाहिली नाही त्याने.

रडत बसलेली नाही. शनिवारी सगळे येतायत आणि आम्ही गाणार. सा माझ्या कानात आहे, तो कोणाला टेम्पोत घालून नेता येत नाही. बेसवाला म्हणाला तो धरून ठेवेल. नाही जमलं तर वाईट गाऊ. पण पुसलेलं गाणार नाही.

ठकी


२७ फेब्रुवारी

ठके,

लाँड्रीवाल्याने शब्द पाळला, हे तुझ्या पत्रावरून कळलं. चांगला माणूस आहे. खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्याला.

थोरली माझ्याकडे आहे. गायनशाळेत. अण्णांच्या वर्गात, त्यांच्या बैठकीच्या समोर.

तुला कळवलं असतं, पण तू धावत आली असतीस, सूचना दिल्या असत्या, आणि आपण दोघं टेम्पोतच भांडलो असतो. ती दारातून आत येईना. चौकट काढावी लागली. ती अण्णांनी लावून घेतलेली चौकट होती. सुतार म्हणाला, परत बसवू का? मी म्हणालो, राहू दे तूर्त.

वीजवाल्याने जाड तार टाकली, नळी खिडकीतून बाहेर काढली. चालू केली, आणि माझा जीव उडाला. काळी चार! स्वच्छ काळी चार. म्हटलं प्रवासात सूर चढला, आता ठकीला काय सांगू. खाली बसून विचार केला. मग डोक्यात आलं, ही रिकामी आहे. घरी जाऊन पलंगावरची चादर काढली, भिजवली, आत टाकली. थोडी उतरली. मुलींना सांगितलं, घरून चादरी आणा. कोणी विचारलं नाही का म्हणून, माझ्या वर्गात विचारत नाहीत. एकेक चादर भिजवून आत टाकत गेलो, तंबोऱ्याची खुंटी पिळावी तशी. शेवटची एक पातळ ओढणी टाकली आणि ती बरोबर तुझ्या जागी येऊन बसली. माझ्या हाताने लावलेलं हे पहिलंच असलं वाद्य. वाळत आल्या की सूर चढतो, म्हणून दोन तुकड्यांच्या मध्ये पुन्हा पाणी शिंपडावं लागतं. त्याची पाळी मुलींनी लावून घेतली आहे.

कंपनीचं पत्र आलं. माझं नाव तुझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत घालणार होते. वाचून क्षणभर बरं वाटलं, खोटं का बोलू. मग त्यांना उत्तर लिहिलं. लिहिलं की गाणाऱ्याचा आवाज खराब म्हणा, गाणं खराब म्हणा, तो तुमचा अधिकार. पण गाणाऱ्याच्या पायाखालचा सा काढून घेणं हा अधिकार मी अण्णांनाही दिला नसता. तंबोरा मिळणार नाही.

आता गायनशाळेचे विश्वस्त. तिघेही आले, दारात उभे राहिले, कारण दार राहिलेलंच नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘सर, हे काय आहे?’

मी म्हणालो, ‘सा आहे.’

म्हणाले, ‘ही धुलाईची जागा नाही.’

मी म्हणालो, ‘बसा, ऐका, मग बोला.’ बसले नाहीत. मी गायलो. आईचं गाणं, ठके. चादरीचं. मला ते येतं हे मला माहीत नव्हतं, एक टोक मी धरायचो ना. अण्णांच्या बैठकीवर बसून, मोठ्याने. मुली धप्पावर हात उचलून ताल देत होत्या. अध्यक्ष मध्येच निघून गेले. उरलेल्या दोघांतला एक शेवटपर्यंत उभा होता.

संध्याकाळी चिठ्ठी आली. यंत्र हलवा, नाही तर प्रमुखपद सोडा. मी उलटटपाली कळवलं, दोन्ही करणार नाही. यंत्र जाईल त्या दिवशी मीही जाईन, पण आपल्या पायांनी नाही, मला उचलून न्यावं लागेल, आणि मी थोरलीपेक्षा जड आहे.

शनिवारी लाँड्रीत कशाला गाता? सगळ्यांना घेऊन इकडे ये. गायनशाळेत आवाज घुमत नाही म्हणालीस ना, चौकट काढल्यापासून घुमतो. गालफुग्याला माझ्यापासून लांब, खिडकीशी बसव. ट्रंपेटबद्दल माझं मत तेच आहे आणि मरेपर्यंत तेच राहील. त्याला सांग, घड्या करायला मुली शिकतायत, त्यांना टोक धरून दाखव.

विश्वस्तांनी निरोप पाठवलाय, शनिवारी दुपारी सुतार आणि कुलूप घेऊन येतो. येऊ देत. तुम्ही गात असाल. दार बसवतील, ठोकतील, आरडाओरडा करतील, आणि ते सगळं तुझ्या मुद्रणात जाईल.

जाऊ दे. पुसायचं नाही.

दादा